तीन पाने फुकट

मित्रांनो, मला डोके नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला पाहून तुम्ही दचकणार नाही. मी चित्रकथेचा एक जुना अंक आहे. बत्तीस पाने, दोन पिना, आणि मुखपृष्ठाची वरची तीन बोटे रुंद पट्टी कापलेली. त्या पट्टीवर माझे नाव होते, क्रमांक होता, किंमत होती. ती कापली गेली तो माझ्या आयुष्यातला पहिला धक्का. त्यानंतर बरेच बसले. पण शेवटचा बसला तेव्हा कळले, की आधीचे काहीच नव्हते.

माझा जन्म १९७२ साली मुंबईच्या एका छापखान्यात झाला. शाई ओली होती, रंग अंगाला झोंबत होते. माझ्या मुखपृष्ठावर पिवळ्या परकरातली एक मुलगी हातात कंदील घेऊन समुद्रातल्या किल्ल्याचा जिना उतरत होती. मी त्या कथेचा दुसरा भाग होतो. कडा कापायच्या यंत्रात आम्हा सगळ्यांना घातले, तेव्हा माझी शेवटची दोन पाने थोडी आत सरकली होती. सुरी त्यांच्या वरच्या कडेपर्यंत पोचलीच नाही. ती दोन पाने डोक्याशी एकमेकांना जोडलेलीच राहिली आणि त्यांच्या पोटातला मजकूर आत बंद झाला. बाहेरून काही कळत नव्हते, कारण अगदी शेवटच्या पानावर साबणाची जाहिरात होती. यंत्रावरच्या माणसाने मला उचलले, पाहिले, "चालतंय" म्हणाला आणि गठ्ठ्यात टाकले.

त्या एका शब्दाने पुढे काय काय केले, ते सांगण्यासाठीच मी बोलतो आहे.

तिथून मी साताऱ्याला आलो. एस.टी. स्टँडवरच्या एका वृत्तपत्र एजंटाने मला चिमटा लावून दोरीवर टांगले. लोक यायचे, माझ्याकडे बघायचे, वर्तमानपत्र घ्यायचे आणि गाडी पकडायचे. महिना संपला तरी मी टांगलेलाच. मग एके दिवशी एजंटाने मला खाली काढले, मांडीवर घेतले, आणि मला वाटले, आता हा वाचणार. त्याने ब्लेड काढले.

मित्रांनो, तो व्यवहारच तसा होता. न खपलेले अंक मुंबईला परत पाठवायचे तर वजन होते, म्हणून एजंट नुसती नावाची पट्टी कापून पुरावा म्हणून पाठवत. उरलेले धड रद्दीत जाई. त्या धडातही बत्तीस पानांची गोष्ट जिवंत असते, हे कुणाच्या हिशेबात नव्हते. माझ्यासारख्या साठसत्तर धडांना एका पोत्यात कोंबून त्याचे तोंड सुतळीने शिवले गेले.

ते पोते हंबीरराव नावाच्या रद्दीवाल्याने घेतले. शेंगदाण्याच्या पुड्या बांधायला आता आपल्याला फाडणार, या भीतीने आम्ही आत थरथरत होतो. पण हंबीररावांचा धंदा वेगळा होता. ते आमच्यासारख्यांचा बाजार भरवत. महिन्याचा दुसरा रविवार. कधी पलूसच्या देवळाचा सभामंडप, कधी विट्याच्या शाळेची पडवी, कधी आटपाडीचा बाजारतळ. पंधरावीस माणसे पोती अंथरून आपापल्या चित्रकथा मांडून बसत. एक कंपाउंडर, एक कंडक्टर, दोन मास्तर, कॉलेजची पोरे. विकत, बदलत, भांडत. लोक त्याला 'बोडका बाजार' म्हणत, कारण तिथल्या बहुतेक अंकांना डोके नसे. एक रुपयाचा अंक चार आण्यांत मिळे.

त्या बाजाराचे नियम ठरलेले होते. अंक हातात घेऊन तीन पाने फुकट बघायची. चौथे पान उलटले की अंक घेतलाच पाहिजे. आणि दुसरा नियम कुणी बोलून दाखवत नसे, पण सगळे पाळत. हवा असलेला अंक मिळाला तर आनंद दाखवायचा नाही. तोंड पाडायचे, "ह्यात काय न्हाई" म्हणायचे आणि मग सावकाश भाव विचारायचा. विकणाऱ्याला चेहरा कळला की भाव चढलाच.

मी हे सगळे ऐकून शिकलो, पाहून नाही. कारण आमच्या पोत्याचे तोंड हंबीररावांनी उघडलेच नाही. ते पोते बसायला चांगले होते. मित्रांनो, मी दोन वर्षे हंबीररावांच्या खाली होतो.

तिथेच मी प्रथम त्या दोघांचे आवाज ऐकले.

एक आवाज जाड आणि सरळ होता. हवालदार मानसिंग. सतरा वर्षे फौजेत काढून पेन्शनवर पलूसजवळच्या आपल्या गावी परतलेले. दुसरा आवाज त्यांच्या मुलीचा, विजयमालाचा. तेव्हा ती बारा वर्षांची होती.

"ताई," हंबीरराव माझ्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "तुला पायजे तरी काय नेमकं?"

"पिवळ्या परकराची पोरगी. हातात कंदील. दुसरा भाग."

"नाव काय त्याचं?"

"नाव सांगून काय उपयोग? तुमच्या बुकांना मुंडकी कुठायत?"

बाजार हसला. मी मात्र पोत्यात सुन्न झालो. पिवळा परकर. कंदील. दुसरा भाग. मित्रांनो, ती मला शोधत होती. आणि तिच्या माझ्यामध्ये एक सुतळी, एक गोणपाट आणि एक हंबीरराव होते.

पुढच्या दोन वर्षांत, महिन्यामागून महिना ऐकत गेलो, तशी मला त्यांची हकिगत कळली. हवालदार वर्षातून दोन महिने रजेवर येत. लहानपणी मुलगी त्यांना 'पावणं' म्हणे आणि आईच्या पदरामागे लपे. मोठी झाल्यावर पावणं म्हणणे बंद झाले, पण त्या जागी दुसरे काही आले नाही. ते कायमचे घरी आल्यावरही ती त्यांच्याशी थेट बोलत नसे. "आई, त्यांना चा दे." "आई, त्यांना विचार, जेवणार का." तेही समोर बसूनच. पेन्शनवर येताना मिरज स्टेशनवरच्या स्टॉलवरून त्यांनी तिच्यासाठी एक चित्रकथा आणली होती. माझा थोरला भाऊ तो, पहिला भाग. शेवटच्या पानावर जिन्यात कंदील विझतो आणि अंधारात मुलीच्या मागे एक पाऊल वाजते. विजयमालाने तो अंक वाचला आणि जन्मात पहिल्यांदा वडिलांकडे बघून म्हणाली, "ह्याच्या पुढचा?"

हवालदार म्हणाले, "आणतो."

तिने मुंबईला कार्ड टाकले होते. 'दुसरा भाग शिल्लक नाही' असे दोन ओळींचे उत्तर आले. तेव्हापासून हे बापलेकींचे रविवार सुरू झाले होते. भाकरी बांधून घ्यायची, सकाळची लाल गाडी पकडायची, संध्याकाळी परत. सुरुवातीला ती दोघे बाजाराच्या दोन टोकांना शोधत. मग एकाच पोत्याशी. मग ती त्यांना शिकवू लागली.

"असं दात काढायचं न्हाई वो! मघाशी तुमी हसला आनि त्यानं आठ आणं सांगितलं. तोंड पाडा."

"असं?"

"अजून. कुणीतरी मेल्यागत."

"फौजेत हे कुणी शिकवलं न्हाई गं."

"मग काय शिकवलं सतरा वर्सं?"

हवालदारांना तोंड पाडणे कधीच जमले नाही. आनंद झाला की त्यांचा आवाजच बदले. गोणपाटातूनही मला कळे. हंबीरराव चिडवत, "हवालदार, लढाई जितून आला तुमी, आनि एक कंदीलवाली गावंना व्हय तुमाला?"

आणि मग पलूसच्या सभामंडपातला तो दिवस. बाजाराच्या पलीकडच्या टोकावरून विजयमालाची हाक आली, "आबा! आवं आबा, हे बघा!" तिला माझ्यासारखा दिसणारा कुठला तरी अंक सापडला होता. तो मी नव्हतो. मी तर खाली दबलेला होतो. पण हवालदार जागचे हलले नाहीत. त्यांना कळलेच नाही. शेवटी हंबीररावांनीच सांगितले, "आवं, तुमाला हाक मारतीया पोरगी."

"मला?" हवालदार म्हणाले.

इतका हादरलेला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. एका माणसाला आपलेच नाव नवे वाटत होते. माझे नाव कापले गेले तेव्हाचा माझा धक्का मला त्या दिवशी लहान वाटला.

१९७५ च्या चैत्रात बाजार आटपाडीला भरला. ऊन रणरणत होते. बाजारतळावर मेंढ्यांच्या लेंड्यांचा वास होता. हंबीरराव बसले आणि आमच्या जुन्या पोत्याची शिवण टर्रकन उसवली. अडीच वर्षांनी उजेड अंगावर पडला. मी घसरत थेट एका खाकी पँटीच्या गुडघ्याशी आलो.

मानसिंग हवालदारांनी मला उचलले. मुखपृष्ठ पाहिले. नियमाप्रमाणे तीन पाने उलटली. तिसऱ्या पानावर जिन्यातला विझलेला कंदील होता.

"आयला!" हंबीरराव उभेच राहिले. "मी बसलोय हिच्यावर? दोन-अडीच वर्सं?" मग ते हसत सुटले. "बलवा, बलवा पोरीला. भाव बी न्हाई घेत जावा. कुठाय ती?"

विजयमाला पाणी प्यायला गेली होती.

आता ती येणार. आता मला कुणीतरी वाचणार. पण हवालदारांनी चौथे पान उलटले नाही. त्यांनी मला मिटले. सदऱ्याची दोन बटणे काढली आणि मला आत सरकवले.

"हंबीरराव, पोरीला सांगायचं न्हाई."

"आवं, काय बोलताय? एवढं हिंडला तुमी हिच्यापायी."

"म्हणून तर."

पुढे ते हळू काही बोलले. त्यांच्या छातीशी मी होतो, पण ती धडधड एवढी मोठी होती, की शब्द मला ऐकू आले नाहीत. मग पावले वाजली.

"आबा, पोतं फुटलं व्हय? काय गावलं?"

"ह्यात काय न्हाई," हवालदार म्हणाले.

"तोंड कशानं पडलंय तुमचं?"

"ऊन लागलं."

"मग चला सावलीला. पुढच्या येळंला शिरवळचा एकजण येणार हाय म्हणं, त्याच्याकडं बघू."

"व्हय, बघू की," हवालदार म्हणाले. मी सदऱ्याच्या आत घामाने भिजत होतो आणि एकच गोष्ट मला समजत नव्हती. जी गोष्ट शोधायला हा माणूस अडीच वर्षे गाव गाव फिरला, ती हातात आल्यावर त्याने लपवली का?

घरी त्यांनी मला आपल्या फौजेच्या पत्र्याच्या पेटीत ठेवले. खाकी मफलरीत गुंडाळून, गणवेशाच्या खाली. तिथे डांबरगोळ्यांचा वास होता आणि अंधार. अधूनमधून दुपारी पेटी उघडे. हवालदार मला बाहेर काढत, मुखपृष्ठावरची धूळ हाताने पुसत. कधी पहिले पान उघडत, कधी तिसऱ्यापर्यंत जात. त्याच्या पुढे कधीच नाही. एकदा ते स्वतःशीच म्हणाले, "पुढचं तिचं हाय. आधी तिनं वाचायचं."

मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी पेटीचा पत्रा फाडला असता. पुढे चला, हवालदार! शेवटपर्यंत चला! ती जोडलेली पाने सोडवा! त्यांच्या पोटात काय छापले आहे ते मला ठाऊक होते. ते त्यांनी एकदा वाचले असते, तर मला लपवून ठेवायची त्यांना काहीच गरज उरली नसती. पण कागदाला तोंड नसते, आणि मला तर डोकेही नव्हते.

बाहेर रविवार चालूच होते. पेटीत मला सकाळची लगबग ऐकू येई. "आबा, भाकरी घेतली का?" "आबा, गाडी जाईल हो!" संध्याकाळी परत आल्यावर दोघांचे हसणे. मग ती कॉलेजला साताऱ्याला मामांकडे राहायला गेली आणि रविवार विरळ झाले. सुट्टीला आली की जात, एरवी हवालदार एकटेच पेटी उघडून बसत. एकदा मला बाहेर काढून त्यांनी चक्क पिशवीत ठेवले, दारापर्यंत गेले, आणि परत आणून मफलरीत गुंडाळले. एवढ्या दिवसांनी द्यायचे तर काय सांगून द्यायचे, हे त्यांना सुचत नसावे.

या वर्षी, १९७९ च्या फेब्रुवारीत, पेटी बरेच दिवस उघडली नाही. एका सकाळी घरात अनोळखी पावलांची गर्दी झाली. बायकांचा आवाज उठला. पत्र्यातून शब्द फुटके येतात, पण "बसल्या जागीच" आणि "पाणी बी मागितलं न्हाई" एवढे मला नीट ऐकू आले. मग बनुबाईंचा, विजयमालाच्या आईचा हंबरडा. मी अंधारात पडून त्या जाड, सरळ आवाजाची वाट बघत राहिलो. तो आला नाही.

पंधरा दिवसांनी झाकण उघडले. विजयमालाच होती. तिला पेन्शनचे पुस्तक हवे होते. ते दाखवल्याशिवाय आईची पेन्शन सुरू होणार नव्हती. तिने गणवेश काढून बाजूला ठेवला, मेडल ठेवले, आणि मफलर उलगडली.

आत मी होतो.

स्वयंपाकघरातून बनुबाईंनी विचारले, "गावलं का गं पेन्शनचं बुक?"

"न्हाई," ती म्हणाली. "दुसरंच गावलं."

बनुबाई दाराशी आल्या. मुलीच्या हातात मी, माझ्यावर पिवळा परकर. त्यांनी तोंडाला पदर लावला. "हे हितं? मला वाटायचं, पेटी उघडून मेडल बघत्यात."

"आई, आबांनी मला फसवलं. हे हितं ठिवून माझ्यासंगं हिंडत होतं. उन्हातान्हात. मी मूर्खासारखी पोती उपसत होते, आनि ते बघत होतं." तिचा आवाज चढला नाही. तो नुसता थंड होत गेला. तिने मला उघडलेही नाही. तेवढा राग मी सहन करू शकलो असतो. पण तो माझ्यावर नव्हता.

दुसऱ्या रविवारी ती मला घेऊन पलूसला गेली. एकटीच. हंबीरराव नव्या पोत्यावर बसले होते. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि ते उठून उभे राहिले.

"तुमाला ठावं होतं," ती म्हणाली.

"शपथ घातली होती, ताई."

"का?"

हंबीररावांनी हातातल्या सुतळीला एक गाठ मारली. "ते म्हणालं, गावला म्हणून दिला, तर पोरगी घरात बसून वाचंल. मग पुढच्या रविवारी मी कुणासंगं जाऊ? पुन्यांदा आईच्या तोंडून चा मागंल माझ्यासाठी. एवढंच म्हणालं बग. मी म्हणलं, हवालदार, पोरीची जात, कवातरी जाणारच. तर म्हणालं, जाऊ दे की. तवर तरी 'आबा' ऐकतो."

सभामंडपात कुणीतरी घासाघीस करत होते, ते थांबून बघू लागले. विजयमाला म्हणाली, "त्या दिवशी त्यांचं तोंड पडलं होतं. कधी जमायचं न्हाई त्यांना, आनि त्या दिवशी इतकं नीट जमलं. मला कळायला पायजे होतं."

मग ती खांबाला टेकून बसली आणि मला वाचू लागली. एक, दोन, तीन. चौथे पान उलटताना तिची बोटे थबकली. मग उलटले. सात वर्षांत पहिल्यांदा मला कुणी चौथ्या पानापलीकडे वाचत होते. ती सावकाश वाचत गेली आणि एकोणतिसाव्या पानानंतर एकदम साबणाची जाहिरात आली. तिने कपाळाला आठी घातली. पान चिमटीत धरून पाहिले. ते जाड लागले.

"हंबीरराव, ब्लेड हाय का?"

सुतळ्या कापायचे ब्लेड त्यांनी पुढे केले. मला साताऱ्याचा एजंट आठवला आणि माझे सगळे अंग आखडले. पण या वेळी ब्लेड अगदी हलके फिरले. जोडलेली कड सुटली. आतली दोन पाने उघडली, सात वर्षे उजेड न पाहिलेली, कोऱ्या रंगांची. तिने शेवटच्या चौकटीखालची ओळ वाचली. मग मोठ्याने वाचली.

"उरलेली कथा तिसऱ्या भागात."

"आयला," हंबीरराव पुटपुटले. "अजून हाय? म्हंजी हवालदारांनी त्याच दिवशी दिला असता, तरी..."

"तरी आमी पुढच्या रविवारी आलोच असतो," विजयमाला म्हणाली.

ती माझ्यावर वाकली. माझ्या त्या शेवटच्या चौकटीवर दोन ठिकाणी रंग जरा पसरलेला आहे, तो त्या वेळचा. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि हंबीररावांना म्हणाली, "उठा. ते बसलाय ते पोतं उघडा आधी."

मित्रांनो, तिसरा भाग अजून मिळालेला नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी साताऱ्याहून येऊन ती मला पिशवीत घालून नेते. मला बोडका म्हणा, जुना म्हणा, चार आण्यांचा म्हणा, मला वाईट वाटणार नाही. पण माझे एवढे ऐका. पुस्तक चांगल्या दिवसासाठी झाकून ठेवू नका, ज्याचे असेल त्याला द्या. तीन पानांवर थांबू नका. पान जाड लागले तर सोडवून बघा. आणि घरातल्या कुणाचे तोंड पडलेले दिसले, तर ऊन लागले असेल म्हणून पुढे जाऊ नका. जवळ बसा आणि विचारा, काय गावलं?